शनिवारची माती

सन १९५८, फेब्रुवारीची सहा तारीख, गुरुवार. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी पुण्याच्या सरकारी दवाखान्यात गेनूच्या उजव्या जांघेवरचे बारा टाके काढण्यात आले. अकरा ठिकाणी कातडी जुळून कोरडी झाली होती. बाराव्या ठिकाणी, अगदी खालच्या टोकाला, हरभऱ्याच्या डाळीएवढी जागा अजून ओली होती.

ती जागा सिस्टरने गेनूला दाखवली नाही, त्याच्या बायकोला दाखवली.

“घरी याचं सगळं कोण करणार?”

“मी,” सारजा म्हणाली.

“मग तुम्हीच ऐका. ही पट्टी बुधवारी चिंचवडच्या डॉक्टरांनी सोडायची. तोवर कुणी हात लावायचा नाही, भिजवायची नाही. जखमेला तेल नाही, हळद नाही, राख नाही, शेण तर नाहीच नाही.”

“मग लावायचं काय?”

“काहीच नाही.”

घरात कुणाला काही लागले की काहीतरी लावायचे असते, एवढेच सारजाला ठाऊक होते. सिस्टरच्या ते ध्यानात आले असावे. कात्रीने पट्टीचे टोक कापीत ती सावकाश म्हणाली, “हे बघा बाई, कापून शिवलेला माणूस वरून धट्टाकट्टा दिसतो. पण त्याची ताकद आत शिवण सांधण्यात गुंतलेली असते. तुम्हाआम्हाला रोज जे अंगाला लागतं आणि काही होत नाही, ते त्याला होतं. ताप आला, जखम लाल झाली, तर वाट बघत बसू नका. घेऊन या.”

गेनू खाटेवरून हसला. “सिस्टर, एका दमात चार-चार गडी लोळवलेत म्या. ही डाळीएवढी जागा माजं काय करनार?”

“डाळीएवढी पुरते,” सिस्टर म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

आगगाडीने चिंचवड आणि तिथून बैलगाडीने रावेत, एवढ्या वाटेत सारजा मनातल्या मनात घोकत होती. तेल नाही, हळद नाही, राख नाही, शेण नाही. तिला अक्षर येत नव्हते. जे ध्यानात ठेवायचे ते असेच घोकून ठेवावे लागे. गाडीत पेंढा पसरून त्यावर वाकळ अंथरली होती. गेनू त्यावर उताणा पडून आभाळ बघत होता. दगडावरून चाक गेले की तो जांघेवर तळहात दाबून धरी आणि गाडी हाकणाऱ्या भावाला म्हणे, “दादा, बाळंतीन चाललीया. जरा दमानं.”

पुढे बसलेला कोंडीराम हसत नव्हता. तो बैलांना आणखी हळू चालवीत होता.

दोन पावसाळ्यांपूर्वी भरलेली मोट विहिरीच्या तोंडाशी अडकली, तेव्हा गेनूने एकट्याने खांदा देऊन ती वर ओढली होती. त्या दिवशी जांघेत सुपारीएवढी गाठ आली. पुढे ती लिंबाएवढी झाली. झोपले की आत जाई, उभे राहिले की बाहेर येई. गेनू तिच्यावर लंगोट आवळून काम करीत राहिला. यंदा संक्रांतीनंतर गाठ आत जायची बंद झाली, त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा कुठे त्याला पुण्याला नेले.

शेत पवनेच्या काठी होते, अडीच एकर. त्यातल्या एकरभरात कांदा लावला होता आणि तो ऐन पाण्यावर होता. शुक्रवारी दिवस उगवायला कोंडीरामने मोट जुंपली. सारजाने गेनूला तांदळाची कण्हेरी पाजली, सासूला त्याच्यापाशी बसवले आणि खोरे घेऊन ती वाफ्यांत उतरली. मोट वर येई, पाणी धो धो करीत पाटात पडे, पाट वळून वाफ्यांकडे येई. एक वाफा भरला की त्याचे तोंड बुजवायचे आणि दुसऱ्याचे फोडायचे. गेनू होता तेव्हा मोट तो हाकी आणि दारे कोंडीराम धरी. आता कोंडीराम बैलांच्या मागे नाड्यावर बसून उतरणीने खाली जाई आणि बैलांना मागे रेटीत पुन्हा वर येई. पंचेचाळिशीचा गडी, मान अजून बैलासारखी जाड, कान कुस्त्यांनी चुरगळून भज्यासारखे झालेले.

“पवळ्या,” तो बैलाला म्हणाला, “तिसऱ्या वाफ्याचा बांध फुटला म्हनावं.”

सारजाने वळून पाहिले. बांध फुटला होता. तिने दोन खोरी चिखल ओढला, पायाने दाबला आणि पाटातल्या पाण्याला सांगितले, “बुजिवला.”

थोरल्या दिराशी बोलायचे नाही, त्याच्या समोरून जायचे नाही, त्याची चाहूल लागताच पदर कपाळाखाली ओढायचा. लग्न होऊन ती या घरात आली त्याला नऊ वर्षे झाली होती. या नऊ वर्षांत त्या दोघांचे सगळे बोलणे बैलांमार्फत, पाण्यामार्फत, नाहीतर सासूमार्फत, तानाबाईमार्फत झाले होते. पेरणी, लावणी, सणवार, सगळे तसेच पार पडले होते. त्यामुळे आजवर कशाचे अडले नव्हते.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तानाबाईने पाटीभर शेण कालवून ठेवले होते.

“सारजे, पोर दवाखान्यातनं घरला आलंय. उद्या मानसं भेटायला येतील. जमीन सारवून घे.”

“आत्याबाई, सिस्टरीनं शेन नको म्हनलंय.”

“जखमंला नको म्हनली आसंल. जमिनीला का म्हनंल?”

“जमिनीवरलंच उडून जखमंवर जातंय. त्यांनी काईच नको म्हनलंय.”

“आगं, सारवल्याबिगर घर म्हंजे उकिरडा दिसतोय. चांगलं साफ करायचं तर न्हाई म्हंती!” तानाबाई पुटपुटली, पण तिने पाटी उचलून गोठ्यात नेली. सारजाने कोरड्या फडक्याने जमीन पुसली. गेनूच्या खाटेवर जुने धोतर बांधून माश्यांसाठी आडोसा केला. पाणी उकळून वेगळ्या तांब्यात ठेवले. त्या रात्री तिला बरे वाटले. एक गोष्ट तिने अडवली होती.

शनिवारी सकाळी तालमीतली मंडळी आली. मारुतीच्या देवळाला लागून रावेतची तालीम होती आणि कोंडीराम तिचा वस्ताद होता. त्याने लग्न केले नव्हते. बाप वारला तेव्हा गेनू सात वर्षांचा होता. त्याला कोंडीरामनेच आखाड्यात उतरवले, त्याच्या अंगाला तेल लावले, त्याला दूध पाजले. चाकणच्या उरुसात गेनूने कुस्ती मारली, तेव्हा कोंडीराम त्याला खांद्यावर घेऊन फडाबाहेर आला होता. त्या दिवसाविषयी तो कधी बोलत नसे, पण त्या दिवसानंतर त्याने स्वतः कुस्ती धरली नाही.

मंडळींमध्ये चिमाजी होता. तो गेनूच्या जोडीचा. पिंपरीला औषधाचा जो नवा कारखाना निघाला होता, तिथे तो बाटल्या धुण्याच्या कामावर लागला होता. अंगात पांढरा सदरा आणि बोलण्यात कारखाना, असा तो हल्ली असे.

“काय गं बाळंतिनी,” तो खाटेशी येऊन म्हणाला, “डिंकाचं लाडू दिलं का न्हाई? धुरी शेगडी घेतलीस का?”

सगळे हसले. गेनूही हसला, पण त्याने आडोशाचे धोतर हाताने बाजूला सारले.

“वैनी, ही मच्छरदानी का काय?” दुसरा एकजण म्हणाला. “गडी लपीवला व्हय?”

“लपवतीय कुठं,” गेनू म्हणाला. “तिला सिस्टरीनं शिकवून धाडलंय. ह्याला शिवू नका, त्याला शिवू नका. माजा पार देव्हारा केलाय.”

“आरं, पण तुला आता भ्या कसलं?” चिमाजी म्हणाला. “आमी तिकडं औषद पिकवतुया. बुरशी, बुरशी! ह्या घराएवढ्या टाक्यांत. तुज्या शिळ्या भाकरीवरची बुरशी आन् ती सख्ख्या बहिनी. आता कोन मरतंय राव ह्या मुलखात?”

तेवढ्यात कोंडीराम आला. अंघोळ करून, कपाळाला शेंदूर लावून आला होता. त्याच्या हातात पितळी ताट होते आणि ताटात मूठभर लाल माती.

सारजा आतल्या दारामागे सरकली. तिने पदर ओढला. ताटाकडे तिने दाराच्या फटीतून पाहिले आणि तिला कळले.

ती माती म्हणजे साधी माती नव्हे, हे गावात लहान पोरालाही ठाऊक होते. कोंडीराम ती मुरमाच्या टेकडीवरून आणी, तीनदा चाळी, तिच्यात ताक, तीळतेल, हळद, लिंबाचा रस आणि कापूर घाली आणि दर शनिवारी मारुतीला नमस्कार करून खणून वर-खाली करी. तालमीत पायताण घालून कुणी जात नसे. खरचटले, मुरगळले, कान फुटला, तर हीच माती लावायची आणि पुन्हा उभे राहायचे. ताटातली माती जमिनीवर सांडली तर उचलून कपाळाला लावीत.

“आत्याबाई,” सारजा दारामागून हलक्या आवाजात म्हणाली, “सांगा त्यास्नी. पट्टी सोडायची न्हाई. काईच लावायचं न्हाई म्हनलंय सिस्टरीनं.”

तानाबाई उंबऱ्यावर बसली होती. तिने मुलाकडे पाहिले. “कोंडीराम, ही म्हंती, दवाखान्यात जपाय सांगितलंय म्हनं.”

“जपू नको कोन म्हनतंय, आये? जपायसाठीच आनलीया.”

“आत्याबाई, जपाय न्हाई. लावू नका म्हनलंय,” सारजा म्हणाली.

“ती म्हंती, जरा बुधवारपतुर थांबा,” तानाबाई म्हणाली.

कोंडीराम ताट घेऊन उभा होता. तो बाईमाणसाशी बोलत नव्हता, आईशीही आता बोलत नव्हता. खुंटीवरच्या मारुतीच्या तसबिरीकडे बघून तो म्हणाला, “देवा, तुज्या पायाची माती आता घान झाली म्हनं.”

सारजाला वाटले, चिमाजी तरी बोलेल. कारखान्यात हात कसे धुवावे लागतात, टोपी कशी घालावी लागते, हे तो गावभर सांगत फिरत होता. तिने पदराआडून त्याच्याकडे पाहिले. त्याला ते समजलेही.

“वैनी, तुमचं म्हननं बरोबर हाय,” तो म्हणाला. “सोच्छता पायजेच. आमच्या कारखान्यात बी बाटल्यांच्या खोलीत जायचं तर पायताण भायेर काढावं लागतंय. सायेबाला सुदिक. आन् तालमीत बी भायेरच काढतुया की आपन. मग फरक काय ऱ्हायला? जागा दोनी सारख्याच.”

मंडळींनी माना हलवल्या. ते सगळ्यांना पटले. सारजालाही क्षणभर पटल्यासारखे झाले. नको म्हणून सिस्टरने तेल सांगितले होते, हळद सांगितली होती, राख आणि शेण सांगितले होते. तालमीची माती तिने सांगितली नव्हती. पण काहीच नाही असे ती म्हणाली होती. काहीच नाही म्हणजे काहीच नाही. एवढे वाक्य सारजाच्या घशाशी आले. समोर थोरला दीर उभा होता, गावातले पाच पुरुष बसले होते. तिने पदराचे टोक दातांत धरले.

“ताकद सरली म्हनं ह्याची,” कोंडीराम तसबिरीला म्हणाला. “ह्याची. गेनूची.”

“आनतुस का भांडत बसतुस, दादा?” गेनू खाटेवरून म्हणाला. तो मंडळींकडे बघत होता. “लाव चिमूटभर. न्हाईतर ही मला लुगडं नेसवून बसवतील.”

कोंडीरामने ताट खाली ठेवले. हात पुन्हा धुतले. पट्टीची गाठ त्याने इतक्या हळुवारपणे सोडली, की गेनूने नुसता श्वास आत घेतला. बोटाच्या टोकावर माती घेऊन ती त्याने त्या ओल्या जागेवर ठेवली, कपाळाला टिळा लावावा तशी, आणि पट्टी होती तशी बांधली.

मंडळी गेल्यावर, कोंडीराम मोटेवर गेल्यावर, सारजाने दार लावून पट्टी सोडली. उकळलेल्या पाण्यात फडके बुडवून पिळले आणि जागा पुसली. वरवरची माती निघाली. आतली निघेना. ती ओलीत बसली होती. जरा जोर दिला तर रक्त आले.

“कशाला कोरतीस गं?” गेनू म्हणाला. “तेच्या मनाला बरं वाटलं. सोड.”

तिने सोडले.

पुढचे दिवस चांगले गेले. ताप आला नाही. मंगळवारी गेनू काठी घेऊन अंगणात आला आणि बाभळीखाली बसून नाडा वळू लागला. ती जागा वरून सुकली, तिच्यावर खपली धरली. बुधवारी चिंचवडला जायचे होते, पण कांद्याला दुसरे पाणी चालू होते आणि गाडीचे बैल मोटेला होते.

“आये,” कोंडीराम जेवताना म्हणाला, “जखम सुकली. सुकलेली जखम दावायला बैलं सोडू का?”

“सुकलीया व्हय,” तानाबाई म्हणाली, आणि चुलीपाशी बसलेल्या सुनेला, “बगितलंस?”

सारजाने पाहिले होते. रोज पाहत होती. तिला हायसे वाटत होते, आणि आपण त्या शनिवारी बोललो नाही ते बरेच झाले, असेही एकदा तिच्या मनात येऊन गेले.

रविवारी सकाळी गेनूने भाकरीचा तुकडा मोडला, दुधात बुडवला आणि तोंडाशी नेऊन परत खाली ठेवला.

“तोंड उघडंना,” तो म्हणाला.

“म्हंजे?”

“जबडा आवळलाय. वाऱ्याला निजलो वाटतं.”

तानाबाईने गालांना गरम फडके लावले. दुपारी मान वळेना. सारजाने दूध चमच्याने पाजले. अर्धे आत गेले, अर्धे हनुवटीवरून उतरले. सोमवारी उजाडता तिने आडोशाचे धोतर बाजूला केले, तेव्हा गेनूचे ओठ दोन्ही बाजूंना ताणलेले होते आणि दात दिसत होते.

“हसतुया गं,” तानाबाई मागून म्हणाली. “बरं वाटतंय वाटतं.”

सारजाने डोळ्यांकडे पाहिले. डोळे हसत नव्हते. ते तिच्याकडे बघत होते आणि त्यांना सगळे समजत होते.

ती पदर सारखा न करता बाहेर आली. कोंडीराम विहिरीकडे निघाला होता. तो जागीच थांबला, कारण ती त्याच्या समोर उभी होती.

“गाडी जुपा,” ती म्हणाली.

त्याने गाडी जुंपली. या वेळी गाडीतून विनोद ऐकू येत नव्हता. चाक दगडावरून गेले की गेनूचे सगळे अंग लाकडासारखे ताठ होई आणि मग हळूहळू सैल पडे. चिंचवडला पोचेपर्यंत कोंडीराम खाली उतरून बैलांच्या पुढे चालत होता. वाटेवरचे दगड तो हाताने उचलून कडेला टाकीत होता.

तिथून आगगाडीने त्याला पुण्याला नेले. सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टरने गेनूच्या पोटावर हात ठेवला, मानेखाली हात घालून पाहिला आणि लगेच काढून घेतला.

“जखमेला काय लावलं होतं?”

कोंडीराम म्हणाला, “काय न्हाई.”

“काहीतरी लावलंय. मला रागवायचं नाही, मला कळायला हवं. काय लावलं?”

कोंडीरामने मान खाली घातली. सारजा भिंतीशी उभी होती. तिने पदर मागे केला.

“तालमीतली माती,” ती मोठ्याने म्हणाली. “परवाच्या शनिवारी न्हवं, त्याच्या आदल्या शनिवारी. मी पुसली, निगाली न्हाई. भावजी, तुमी लावलीया, तुमी सांगा तिच्यात काय काय आसतंय.”

नऊ वर्षांत तिने त्याला पहिल्यांदा हाक मारली होती. कोंडीरामने ऐकले. मान वर न करता त्याने सांगितले, ताक, तीळतेल, हळद, लिंबू, कापूर. एकेक नाव सांगताना त्याचा आवाज कमी होत गेला.

“आणि माती,” डॉक्टर म्हणाला. “तिच्यात धनुर्वाताचा जंतू असतो. सगळ्याच मातीत असतो. धड कातडीतून तो आत जात नाही.”

“वर सुकली व्हती,” कोंडीराम म्हणाला.

“वरून बंद झाली तेच त्याला हवं असतं.”

“पिंपरीचं औषद द्या की. आमच्या गावचा चिमाजी हाय तिथं.”

“ते देतोय. ते जंतूला मारतं. त्यानं जे विष आधीच सोडलंय, त्याला नाही. त्यासाठी दुसरं इंजेक्शन देतो. आता काय होतंय ते बघायचं.”

गेनूला एका वेगळ्या खोलीत ठेवले. तिच्या खिडक्यांवर काळे कापड होते आणि दारात पोते अंथरले होते, म्हणजे पावलांचा आवाज होऊ नये. उजेड पडला, भांडे वाजले, कुणी खोकले, तरी रोग्याला आचका येतो, असे सिस्टरने सांगितले. टाके काढले तेव्हाचीच ही सिस्टर. तिने सारजाला ओळखले. मग तिच्या हातांकडे पाहिले.

“बाई, या बांगड्या वाजतात. काढाव्या लागतील. नाहीतर बाहेर बसा.”

तानाबाई दाराबाहेर होती. तिने ऐकले आणि तोंडावर हात घेतला. “नवरा जित्ता आसताना? आगं ए, कापड गुंडाळ त्यास्नी. कापड गुंडाळ!”

सारजाने फाटक्या पट्टीने बांगड्या गुंडाळून पाहिल्या. हात हलवला. काच काचेवर घासून बारीक आवाज आला, आणि आत खाटेवर गेनूचे पाय ताठ झाले. ती नळाखाली गेली, हाताला साबण लावला आणि एकेक बांगडी उतरवली. हिरव्या, दोन्ही हातांत मिळून अकरा. त्या तिने सासूच्या ओटीत ठेवल्या. तानाबाई रडू लागली. सारजा आत गेली.

रडायला तिला सवड होती, पण रडू येत नव्हते. ती खाटेशी जमिनीवर बसे. दर थोड्या वेळाने ओल्या कापसाने गेनूचे ओठ पुसे. आचका गेला की त्याच्या अंगावरचा घाम टिपी. तिला भूक लागे, तेव्हा बाहेर जाऊन ती भाकरी खाई आणि परत येई. दारामागे उभी राहिल्याचा तो शनिवार तिला आठवे. पण एखाद्या दुसऱ्या बाईचा आठवावा तसा आठवे. घशाशी आलेले वाक्य किती लहान होते, एवढेच तिला वाटे.

बुधवारी दुपारी कोंडीरामला आत यायची परवानगी मिळाली. तो पायताण बाहेर काढून आला. अंधारात काही दिसेना म्हणून भिंतीला धरून उभा राहिला. तेवढ्यात बाहेर बोळात कुणाच्या तरी हातातून डबा पडला.

गेनूची मान मागे वळली. छाती वर उचलली. पाठीची कमान झाली. टाळू आणि टाचा एवढेच खाटेला टेकलेले राहिले. त्याच्या पाठीखालून माणसाचा हात आरपार गेला असता. आखाड्यात गडी चीत होऊ लागला, की पाठ मातीला लागू नये म्हणून तो मानेवर असाच पूल घालतो. हा पूल कोंडीरामनेच त्याला शिकवला होता. लहानपणी पोटावर उभा राहून शिकवला होता. चाकणला याच पुलावर तो वरच्या गड्याला तोलून राहिला होता, आणि फडाभोवतीची माणसे टोप्या उडवीत होती.

कोंडीराम खाटेशी गुडघ्यांवर बसला. आवाज करायचा नाही हे त्याला सांगितले होते. तो गेनूच्या कानाशी वाकला आणि नुसत्या श्वासाने बोलला.

“पाठ लागू दे, गेन्या. लागू दे पाठ. कोन बगत न्हाई इथं.”

कमान तशीच राहिली.

“वस्ताद सांगतुया तुजा. ऐक. पाठ टेक, लेकरा.”

सारजा खाटेच्या दुसऱ्या बाजूला होती. तिने कापूस वाटीत ठेवला.

“भावजी, बोलू नका,” ती म्हणाली. “तेनं जास्त व्हतंय.”

दोघेजण खाटेच्या दोन बाजूंना बसून वाट बघत राहिले. बऱ्याच वेळाने गेनूची पाठ गादीवर आली.

गुरुवारी पहाटे शेवटचा आचका आला. सिस्टरने काळे कापड बाजूला केले, खिडकी उघडली आणि आता आवाज झाला तरी चालेल, असे सांगितले.

गावात नेल्यावर बायका जमल्या. त्यांतल्या थोरल्या अंबूबाईने सारजाचे हात धरले, ते उलटेसुलटे करून पाहिले आणि सोडून दिले. फोडायला हातात काही नव्हते. कोंडीरामने तेराव्यापर्यंत तालमीचे दार उघडले नाही. चौदाव्या दिवशी त्याने कांद्याला पाणी द्यायला मोट जुंपली, कारण वाफे भेगाळले होते. सारजा खोरे घेऊन पाटावर आली. डोक्यावरून पदर होता, कपाळाखाली नव्हता.

“पाचवा भरला,” ती त्याच्याकडे बघून म्हणाली.

“फोड सहावा,” तो म्हणाला.

त्या फेब्रुवारीत काळ्या कापडाच्या खोलीत पाच रोगी दाखल झाले होते. घरी गेले दोन. बाकी तिघांत गेनू होता, वय बत्तीस.